कोवान पार्कची माती

रामदास खिलारे मूठ मिटायचे, उघडायचे आणि तळहाताकडे बघायचे. मुठीतल्या गोळ्यावर चारही बोटांचे ठसे उमटले आणि तळहात कोरडा राहिला, म्हणजे माती तयार. ठसे उमटले नाहीत तर पाणी कमी. तळहाताला चिकटली तर जास्त. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, फाउंड्रीत, साच्याची वाळू त्यांनी उभा जन्म अशीच पारखली होती. सिडनीच्या पश्चिम टोकाला स्कोफिल्ड्समध्ये मुलाकडे येऊन राहिल्यावर तीच मूठ बेसबॉलच्या मैदानावर कामाला येईल, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

मुलाच्या घरात हातांना काम नव्हतं. अतुलचं घर नवं कोरं. गवत कापायला माणूस येई. नळ गळला तर फोन करायचा आणि वाट बघायची. पहिल्याच महिन्यात बाथरूमचा दरवाजा खाली घासतो म्हणून रामदासांनी तो बिजागरीतून काढला आणि रंधून परत बसवला. दरवाजा लोण्यासारखा फिरायला लागला. सून प्रतीक्षा हळूच म्हणाली, "बाबा, वॉरंटी जाते हो." रामदासांनी हत्यारांची पिशवी गराजमधल्या खुंटीला अडकवली. ती तिथेच राहिली.

मग ते चालायला लागले. एकसारख्या छपरांची वसाहत संपली की रेल्वेचे रूळ, आणि रुळांपलीकडे कोवान पार्क. कुंपणाची जाळी, गंजलेला धावफलक, लाकडी बाकांच्या थोड्या रांगा आणि मैदानात मातीचा एक उंचवटा. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा ज्यावर उभा राहतो तो हा उंचवटा. त्याला माउंड म्हणतात. एक म्हातारा गोरा गुडघे टेकून त्याच्यावर झारीने पाणी शिंपडत होता. रामदास जाळीशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही उभे राहिले. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मान वर केली.

"आत ये ना मेट. बघायला तिकीट नाही."

त्याचं नाव कॉलिन. जन्मभर विटांची कामं केलेला गवंडी. गुडघे गेलेले, पाठ गेलेली, तोंड शाबूत. रामदासांनी आत जाऊन माती उचलली, मुठीत दाबली आणि मान हलवली. "टू मच वॉटर." कॉलिनने झारी त्यांच्या हातात दिली. त्या शनिवारचा माउंड रामदासांच्या मापाने तयार झाला. तिसऱ्याच चेंडूला टाकणाऱ्याचा पुढचा पाय जिथे पडतो तिथली माती फुटली, पाय घसरला आणि चेंडू थेट पंचाच्या खांद्यावर. पंच शिव्या देत राहिला आणि कॉलिन हसून हसून खोकत राहिला.

"वाळू नाही ही, माती आहे," तो म्हणाला. "हिच्यावर माणूस उतरतो."

रामदासांनी ते लक्षात ठेवलं. फाउंड्रीत ओल म्हणजे भीती. साच्यात ओल राहिली तर ओतलेलं लोखंड उसळतं, माणूस भाजतो. इथे तीच ओल माणसाचा पाय धरून ठेवते. मूठ तीच, पण तिला नव्याने शिकवावं लागलं. त्यांना एक उन्हाळा लागला. पुढच्या उन्हाळ्यात कॉलिनने त्यांचा माउंड तपासणं सोडून दिलं. कॉलिन तोंडाने कौतुक करणारा माणूस नव्हता. त्याने तपासणं सोडलं, एवढं रामदासांना पुरलं.

क्लबचं नाव गलाज. गलाह म्हणजे गुलाबी छातीचा पोपट. इथे बावळट माणसालाही गलाह म्हणतात. कुणी ट्रकवाला, कुणी शाळेत शिकवणारा, कुणी विमानतळावर सामान चढवणारा, असे सगळे शनिवारी दुपारी खेळायचे. रामदासांना आधी खेळ कळला नाही. मग हळूहळू कळला आणि कळल्यावर सुटेना. चेंडू टाकणारा आणि त्याचा चेंडू झेलणारा यांच्यातल्या खुणा, पळणाऱ्याची चोरटी पावलं, आणि बराच वेळ काहीच न घडता अचानक सगळं घडणं. फाउंड्रीत भट्टी तापेपर्यंत असंच बसायचं असतं, आणि मग एका दमात धावायचं असतं.

"क्रिकेट सोडून हे काय काढलंय?" त्यांच्या पत्नी गिरिजाबाई विचारायच्या. "आणि घरातल्या कुंड्या वाळल्यात तिकडं. परक्याच्या मातीला पाणी घालताय."

"परक्याची कशी? मी कालवलीय."

"कालवली म्हणून काय सातबारा होतोय व्हय?"

गिरिजाबाईंच्या बोलण्यातलं कोल्हापूर कुठल्याच व्हिसाने पुसलं नव्हतं. त्या कधी मैदानावर आल्या नाहीत. पण शनिवारी डब्यात दोन माणसांपुरता शिरा भरायच्या. दुसरा माणूस कॉलिन.

माउंडचं काम सामना संपल्यावर सुरू होतं. सुटी माती झाडायची, खड्डा ओला करायचा, नवी माती भरायची, धुम्मसाने ठोकायची, पुन्हा पाणी आणि वरून ताडपत्री. ताडपत्री विसरली की रात्रीतून भेगा पडतात आणि आठवड्याचं काम जातं. खेळाडू तोवर बिअर घेऊन बसलेले असत. हे दोघे म्हातारे गुडघ्यावर. ताडपत्रीच्या शेवटच्या कोपऱ्यावर वीट ठेवली की दिवस संपला.

बाकांवर माणसं थोडी असत. खेळाडूंच्या बायका, एखादं कुत्रं, शेजारच्या वृद्धाश्रमातले दोन-तीन जण. गर्दीबद्दल कॉलिनची पक्की मतं होती आणि रामदासांनी ती तपासून मगच आपली केली. क्लबने एकदा लोक यावेत म्हणून फुकट सॉसेज वाटली. लोक आले, खाल्लं आणि दुसऱ्या डावाआधी गेले. "सॉसेज फुकट दिलं की सॉसेजचे प्रेक्षक मिळतात," कॉलिन म्हणाला. "खेळाचा प्रेक्षक एकेक करून येतो. माउंडसारखा. थोडी माती, थोडं पाणी, ठोकायचं, झाकायचं."

एकदा अतुलने हौसेने बापाला शहरातल्या एका मोठ्या स्टेडियमला नेलं. सरकारने पाण्यासारखा पैसा ओतून बांधलेलं. काचा, सरकते जिने, मऊ खुर्च्या. त्यांची जागा इतकी उंच होती की खेळाडू मुंग्यांएवढे दिसत आणि सगळे लोक पडद्याकडे बघत होते.

"कसं वाटलं?" परतताना अतुलने विचारलं.

"पडद्यावरच बघायचं तर घरी टीव्ही आहे."

"बाबा, वर्ल्ड क्लास आहे ते."

"अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रिकाम्या खुर्चीलाही झाडू लागतो, रंग लागतो. तो कोण मारतो? आमच्या इथे झेलणाऱ्याची शिवी ऐकू येते. मैदान तेवढंच असावं, जेवढ्यात शिवी ऐकू येते."

अतुल हसला. त्याला ते विनोदी वाटलं. रामदास विनोद करत नव्हते.

कॉलिन एका हिवाळ्यात गेला. आधी पडला, मग हॉस्पिटल, मग छातीत पाणी. रामदास भेटायला गेले तेव्हा त्याच्या नाकात नळ्या होत्या. सीझन नव्हता, मैदान बंद होतं. तरी त्याने विचारलं, "ताडपत्री टाकलीस का?"

"टाकली."

"विटा?"

"चारही कोपऱ्यांवर."

कॉलिनने डोळे मिटले. त्यांच्यातलं हेच शेवटचं बोलणं. त्या दिवशी रामदास घरी आले आणि जेवले नाहीत. सीझन सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी गिरिजाबाईंनी सवयीने दोन माणसांचा शिरा केला. डबा भरताना त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी अर्धा काढून ठेवला.

पुढचे दोन उन्हाळे माउंड रामदासांनी एकट्याने सांभाळला. मग कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्रक आलं.

क्लबने बरीच वर्षं एकच मागणी लावून धरली होती: बाकांवर पत्र्याची सावली आणि पावसाचं पाणी काढायला एक गटार. कौन्सिल म्हणत होतं, या जागी बेसबॉल काढून नवं मैदान करू. खाली सिंथेटिक गवत, फुटबॉल आणि क्रिकेट दोन्हीची सोय, मोठा स्टँड. वस्ती वाढलीय, मुलं वाढलीत. निर्णय व्हायचा होता. त्याआधी कौन्सिलची बाई एक सामना बघायला येणार होती. मैदानाचा वापर किती होतो, लोक किती येतात, ते बघायला.

रामदासांनी अतुलला विचारलं, "तुला काय वाटतं?"

अतुलने लॅपटॉप मिटला. मुलगा खोटं बोलणारा नव्हता. "बाबा, खरं सांगू? आमच्या वसाहतीतल्या सगळ्यांना नवं मैदान हवंय. क्रिकेटला पोरांना जागा मिळत नाही. मीपण सही केलीय."

"बरं."

"तुमच्या त्या बाकांवर माणसं किती असतात? कौन्सिलने कशाच्या जोरावर पैसे घालायचे?"

"चाळीस डिग्रीच्या उन्हात पत्र्याशिवाय बसणार कोण? माणसं नाहीत म्हणून पत्रा नाही, पत्रा नाही म्हणून माणसं नाहीत. आधी कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे की नको?"

"मग करा ना तुम्ही. आणा माणसं." अतुल चिडून नाही, खरोखरच म्हणाला. "मी येतो. ऑफिसच्या पोरांनापण सांगतो."

रामदास त्या रात्री अंथरुणावर पडून आढ्याकडे बघत राहिले. सकाळी उठून त्यांनी चित्रलेखाला फोन केला.

चित्रलेखा मराठी मंडळाची सेक्रेटरी. आयटीत नोकरी, घरात दोन मुलं, आणि गणपतीपासून संक्रांतीपर्यंत सगळा पसारा तिच्या अंगावर. रामदास तिला मानत, कारण ती काम करायची. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला रामदास आणि गिरिजाबाई छापलेल्या वेळेवर पोचायचे. हॉल रिकामा असायचा. चित्रलेखा एकटी माइकच्या वायरी सोडवत असायची. मग रामदास खुर्च्या मांडायचे. गिरिजाबाई पर्स मांडीवर घेऊन म्हणायच्या, "आपण बघायला येतोय का मांडायला येतोय?" लोक दोन तासांनी यायचे. रामदासांना वाटायचं, आपली माणसं ढिली आहेत. चित्रलेखाबद्दल त्यांना वाईट वाटायचं.

"काका, मस्त आयडिया आहे," चित्रलेखा म्हणाली. "फॅमिली डे करू. जेवण ठेवू. आधी जेवण, मग मॅच, लोक बसतील आरामात."

"जेवण नंतर."

"नंतर?"

"आधी जेवण दिलं तर जेवून जातात. कॉलिन सांगायचा. ती बाई माणसं बाकांवर बसलेली बघायला येतीय, रांगेत ताट घेतलेली नाही. आधी सामना, मग जेवण."

"बरं बाबा, नंतर. मी पुढचा आठवडाभर मेलबर्नला आहे कामासाठी. मेसेज तुम्हीच टाकाल ग्रुपवर? मी तुम्हाला ॲडमिन करते. शनिवारी दुपारच्या विमानाने येतेच."

रामदासांनी मेसेज लिहिला. दोनदा वाचला. सामना शनिवारी बरोबर एक वाजता सुरू होईल. सामना संपल्यावर पिठलं-भाकरीचं जेवण आहे. सर्वांनी सहकुटुंब यावे. आपल्या मैदानासाठी यावे.

भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलं आली. नक्की येतो काका. फुल फॅमिली काका. रामदास मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. "बघ."

गिरिजाबाईंनी चष्मा लावला, खाली खाली सरकवत गेल्या. "एवढ्या भाकऱ्या कोण थापणार?"

"तू."

"मी. आणि माउंड कोण थापणार?"

"मी."

"मग ठरलं." बऱ्याच दिवसांनी दोघं एकदम हसले.

त्या आठवड्यात रामदास रोज मैदानावर होते. चित्रलेखाच्या गराजमधून त्यांनी मंडळाचं गणपतीच्या मांडवाचं कापड आणलं, लाल आणि पिवळं, झालर लावलेलं. सावली मागून मिळत नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतः केली. बांबू मिळाले नाहीत, लोखंडी नळ्या आणल्या. दोरी अशी ताणली की कापडाला झोळ राहिला नाही. सगळ्या बाकांवर सावली पडली. बाक पुसले. फळ्या हलत होत्या त्या आवळल्या. खुंटीवरची हत्यारांची पिशवी पहिल्यांदा खाली आली. शुक्रवारी माउंडवर शेवटचं पाणी दिलं, मूठ दाबून बघितली, ताडपत्री टाकली, विटा ठेवल्या.

शनिवार तापला होता. दुपारी बाराला कौन्सिलची बाई आली. हेलन नाव, उन्हाची टोपी, सपाट बूट, शांत बोलणं. तिने मांडवाकडे बघितलं. "हे कुणी केलं? सुंदर आहे." रामदासांनी स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. ती सावलीत मधल्या बाकावर बसली.

एक वाजता पंचांनी हाक दिली. सामना सुरू झाला.

बाकांवर खेळाडूंच्या बायका होत्या. वृद्धाश्रमातले तिघे होते. कुत्रं होतं. अतुल होता, त्याचे ऑफिसमधले दोघे होते, आणि ते घड्याळ बघत होते. बाकी सगळी सावली रिकामी होती.

रामदास फाटकापाशी उभे होते. रस्ता सरळ होता, दूरवर दिसायचा. उन्हात डांबर पाण्यासारखं हलत होतं. गाडी येत नव्हती.

"येतील बाबा," अतुल जवळ येऊन म्हणाला. "पार्किंगला वेळ लागतो."

"गाडीच नाही, तर पार्किंग कसलं?"

गिरिजाबाई मांडवाच्या कोपऱ्यात भाकऱ्यांच्या चळतीवर ओलं फडकं घालून बसल्या होत्या. त्या आज पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या. त्यांनी खेळाकडे बघितलं नाही. नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

गलाज त्या दिवशी फार चांगलं खेळले. चेंडू टाकणारा पोरगा माउंडवर असा उतरत होता की पाय एकदाही हलला नाही. क्लबच्या सामन्यांना वेळेची मर्यादा असते. दोन तास झाले की नवा डाव सुरू करत नाहीत. तीन वाजून गेल्यावर थोड्याच वेळात शेवटचा माणूस बाद झाला. गलाज जिंकले. टाळ्या वाजल्या, पण मोजक्या हातांच्या टाळ्या उघड्यावर लगेच विरतात.

हेलन उठली, पर्स खांद्याला लावली. फाटकाशी रामदासांना म्हणाली, "माउंड कोण करतं? मी लहानपणी सॉफ्टबॉल खेळायचे. असा माउंड बघितला नव्हता."

"मी."

"खूप छान," ती म्हणाली. ती खरंच तसं म्हणत होती. म्हणून त्यांना ते आणखी जड गेलं.

ती गाडीत बसली, गाडी फाटकाशी आली, आणि थांबली. समोरून गाड्या येत होत्या. एक, तिच्यामागे एक, तिच्यामागे अख्खी रांग. फाटक अरुंद, म्हणून हेलनने आपली गाडी बाजूला घेतली आणि वाट दिली. गाड्यांतून साड्या उतरल्या, कुर्ते उतरले, गजरे उतरले, घडीच्या खुर्च्या, थंड पाण्याचे डबे, पोरंटोरं. कुणी मोठ्याने हाक मारली, "काका, आलो हो! वेळेवर आलो की नाही?" माणसं हसत, बोलत लाल-पिवळ्या मांडवाखाली शिरली. बघता बघता सगळे बाक भरले. कडेलाही माणसं उभी राहिली. कोवान पार्कने एवढी माणसं कधी बघितली नसतील.

हेलनने काच खाली केली. चेहऱ्यावर हसू होतं. "अरे वा! इथे आता लग्न आहे का?"

रामदासांच्या तोंडात शब्द गोळा झाले, ते मराठीत होते. त्यांनी ते गिळले.

"नो," ते म्हणाले. "बेसबॉल."

तिला कळलं नाही. तिने हात हलवला, रांग संपायची वाट बघितली आणि निघून गेली.

चित्रलेखा विमानतळावरून थेट आली होती, बॅग गाडीतच. तिने रिकामं मैदान बघितलं, खेळाडू बूट काढत बसलेले बघितले, आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, मॅच कधी सुरू झाली?"

"एक वाजता."

"मेसेजमध्ये पण एकच टाकलं होतं तुम्ही?"

"एकच. सामना एकला होता."

चित्रलेखाने कपाळावर हात मारला. "काका, आपण दोन तास आधीची वेळ टाकतो. नेहमी. पाचचा कार्यक्रम असला की तीन लिहितो. सगळ्यांना ठाऊक आहे, तीन म्हणजे पाच."

 मंडळाचे सगळे रिकामे हॉल, स्वतः मांडलेल्या सगळ्या खुर्च्या रामदासांच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? आणि तुम्ही तर कायम वेळेवर असायचात. आम्हाला वाटायचं, काका मदतीला लवकर येतात."

गिरिजाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "मदतीला," त्या म्हणाल्या. "ऐकलं का? आणि मी नटूनथटून मदतीला." मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि पुढचं बोलणं टाकून दिलं. "चला. भाकऱ्या गार होतायत. आलेल्या माणसांना जेवायला तरी घालू."

सगळे जेवले. पोटभर, कौतुक करत. पिठलं फक्कड झालं काकू. एकाने विचारलं, "काका, मॅच कधी सुरू होणार?" दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. रामदासांनी सगळ्यांना वाढलं, आग्रह केला. मग धुम्मस घेऊन माउंडवर गेले. मांडवाखाली गप्पांचा कल्लोळ चालला होता आणि ते गुडघ्यावर बसून खड्डा भरत होते. अतुल आला. त्याने बाही वर केली. "मला सांगा काय करायचं."

"झारी धर."

अतुलने झारी धरली. बापाने थांब म्हटलं तिथे थांबला. ताडपत्रीचं एक टोक त्याने ओढलं, वीट ठेवली. बरीच वाकडी. रामदासांनी ती सरळ केली नाही.

निर्णय मार्चमध्ये आला. नवं मैदान होणार. हेलनने क्लबला निरोप दिला होता की असे निर्णय एका दिवसाच्या गर्दीवर होत नाहीत. खरंही असेल. चित्रलेखाने तो निरोप रामदासांना तीनदा वाचून दाखवला. ते तिन्ही वेळा बरं म्हणाले. बाक भरले असते तर काय झालं असतं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. तेच त्यांना सलत राहिलं. काम चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवता आलं पाहिजे. फाउंड्रीत कास्टिंग फुटलं की तुकडा उचलून बघता यायचा. इथे उचलायला तुकडा नव्हता.

गलाज दुसऱ्या एका क्लबात मिसळले. तो मोटरवेने तासाभराच्या अंतरावर. "तुम्हाला न्यायला येऊ," ट्रकवाला म्हणाला. तो दोनदा आलाही. तिथला माउंड सांभाळायला पगारी माणूस होता. रामदास बाकावर बसून सामना बघून आले. तिसऱ्या वेळी त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं.

कोवान पार्कवर यंत्रं आली तेव्हा हिवाळा होता. रामदासांनी चालायचा रस्ता बदलला. रुळांकडे जायचे नाहीत. एक दिवस गिरिजाबाई भाजी आणते म्हणून बाहेर पडल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा बुटांना चिखल होता. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"काढला," त्या म्हणाल्या.

रामदासांनी मान हलवली. मग विचारलं, "भाजी?"

"विसरले."

पुढच्या वर्षी मैदान तयार झालं. मंडळाने तिथे क्रीडामेळावा ठेवला. मेसेज आला: रविवारी सकाळी नऊ वाजता. रामदासांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"आता तर माहितीय की तुम्हाला," गिरिजाबाई म्हणाल्या. "नऊ म्हंजे अकरा."

"नऊ म्हटलंय."

"म्हटलंय, पण तसं नसतंय."

"नऊ म्हटलंय, गिरिजा."

गिरिजाबाईंनी पुढे वाद घातला नाही. पण पर्स घेऊन त्याही निघाल्या.

नऊ वाजता नवा स्टँड रिकामा होता. निळ्या खुर्च्या, वर भक्कम पत्रा, सगळीकडे गार सावली. रामदासांनी मान वर करून पत्रा बघितला. जोड नीट होते. पाण्याला उतार होता, खाली गटारही होतं. चांगलं काम होतं. ते कबूल करायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी ते केलं.

चित्रलेखा दूर माइकच्या वायरी सोडवत होती. तिने हात केला, आणि मग मान खाली घातली.

गिरिजाबाई पहिल्या रांगेत बसल्या. रामदास मैदानात उतरले. माउंड कुठे होता ते सांगायला आता खूण उरली नव्हती. धावफलक नव्हता, जाळी नव्हती, सगळीकडे एकच सपाट हिरवं. त्यांनी रुळांकडे पाठ केली, मैदानाबाहेरच्या जुन्या निलगिरीच्या झाडाची रेघ धरली आणि चालत गेले. एका जागी थांबले. बुटाने दाबून बघितलं. खाली काही दबलं नाही.

ते सावकाश गुडघ्यावर बसले. हिरव्या पात्यांमध्ये रबराचे काळे दाणे भरलेले होते. त्यांनी ते मूठभर उचलले. मूठ मिटली, होती तेवढी ताकद लावून दाबली आणि उघडली. ठसा उमटला नव्हता. दाणे बोटांमधून निसटून खाली पडले आणि गवतात दिसेनासे झाले.

तळहात कोरडा होता. स्टँडमधून गिरिजाबाईंनी हाक मारली नाही. त्या पर्स मांडीवर धरून, एकट्या, त्यांच्याकडे बघत बसून राहिल्या.